चालतं कुंपण

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, शिंद्यांच्या छावणीजवळ आमचं जुनं घर होतं. फाटकापाशी कडुनिंब होता आणि त्या कडुनिंबाला साखळीने बांधलेला टायगर. साखळी सात-आठ फुटांची. ती जिथपर्यंत पोचायची तिथे, फाटकाच्या बाजूला, तो दिवसभर इकडून तिकडे धावत असायचा. दोनेक वर्षांत तिथे मातीत एक अर्धगोल पडला, वीतभर रुंद आणि चार बोटं खोल. पावसाळ्यात त्यात पाणी साचायचं आणि आम्ही भावंडं कागदाच्या होड्या सोडायचो. आई म्हणायची, "वेडं झालंय बिचारं." आम्हालाही तसंच वाटायचं.

त्यानंतर चाळीसेक वर्षांनी तशीच एक धावून पडलेली रेघ मी दक्षिण जर्मनीतल्या एका माळावर पाहिली. तीही कुत्र्याच्याच पायांनी पडलेली होती, पण त्या कुत्र्याला वेड लागलेलं नव्हतं. तो कामावर होता. या दोन रेघांचा एकमेकींशी काय संबंध, हे शोधताना जे वाचलं आणि समजलं, ते इथे लिहितो आहे.

टायगर आमच्याकडे आला १९७४ साली. त्याच्या चार वर्षं आधी, १९७० मध्ये, ग्वाल्हेरहून झाशीकडे जाणाऱ्या रस्त्यावर टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाने कुत्र्यांच्या प्रशिक्षणाचं केंद्र सुरू केलं होतं. तिथल्या कुत्र्यांच्या खऱ्याखोट्या गोष्टी शहरभर झाल्या होत्या. बाबा शाळामास्तर. त्यांच्या एका ओळखीच्यांकडे मादी व्याली, तेव्हा त्यांनी एक पिल्लू पिशवीत घालून सायकलवरून घरी आणलं. "अस्सल अल्सेशियन आहे," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. आम्हाला एवढंच नाव ठाऊक होतं. जर्मन शेफर्ड हे त्याच कुत्र्याचं खरं नाव, आणि शेफर्ड म्हणजे मेंढपाळ, हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. टायगर मेंढपाळाचा कुत्रा आहे असं कुणी सांगितलं असतं तर बाबा बहुधा रागावले असते.

यात बाबांचा दोष नव्हता. ते नाव मुद्दाम पुसलं गेलं होतं. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडात जर्मन म्हणून काही खपण्यासारखी परिस्थिती नव्हती. पण युद्धावरून परतलेल्या सैनिकांना हा कुत्रा आवडला होता. मग फ्रान्स आणि जर्मनी यांच्या सीमेवरच्या अल्सास प्रांताचं नाव त्याला चिकटवलं गेलं. १९१९ साली तिथल्या केनेल क्लबने त्याची नोंद केली ती 'अल्सेशियन वुल्फ डॉग' म्हणून. म्हणजे नावातून मेंढपाळ गेला आणि लांडगा आला. पुढे लांडगा वगळला, अल्सेशियन मात्र राहिलं. जर्मन शेफर्ड हे नाव इंग्लंडमध्ये अधिकृतपणे परत आलं ते १९७७ साली. इंग्रजांबरोबर हा कुत्रा आपल्याकडे आला तो हे बदललेलं नाव घेऊनच. नावाबरोबर त्याचा धंदाही आपण विसरलो.

माझी मुलगी काही वर्षं ट्युबिंगेनला संशोधनासाठी होती. एका ऑक्टोबरात मी तिच्याकडे गेलो होतो. गावाच्या दक्षिणेला श्वेबिशे आल्ब नावाचा चुनखडीचा उंच पठारी प्रदेश आहे. झाडं विरळ, गवत आखूड, मधूनमधून ज्युनिपरची काटेरी झुडपं. हा माळ असा मोकळा राहिला आहे तो शेकडो वर्षं तिथे मेंढ्या चरल्यामुळे. मेंढ्या ज्युनिपरला तोंड लावत नाहीत, म्हणून तेवढंच मागे उरतं.

तिथे एका उतारावर चारेकशे मेंढ्यांचा कळप चरत होता. मेंढपाळ एका अंगाला उभा होता. हातात लांब काठी, काठीच्या टोकाला लहानसं लोखंडी फावडं. त्या फावड्याने ढेकूळ उचलून तो भरकटणाऱ्या मेंढीच्या पुढ्यात टाकायचा. कळपाच्या पलीकडच्या अंगाला नुकत्याच उगवलेल्या गव्हाचा हिरवागार पट्टा होता. मध्ये ना कुंपण, ना बांध, ना साधी तार. तिथे एक काळा, केसाळ कुत्रा गव्हाच्या कडेकडेने दुडक्या चालीने जात होता. पट्ट्याच्या टोकापर्यंत जायचा, वळायचा, त्याच रेघेवरून परत यायचा. मेंढ्या त्याच्या अगदी जवळ तोंड खाली घालून चरत होत्या. तो भुंकत नव्हता, त्या घाबरत नव्हत्या. एखादी तोंड लांब करून गव्हाकडे झुकली की तो तिच्याकडे नुसता वळायचा आणि ती मागे सरायची. त्याच्या पायांखालचं गवत झिजून माती दिसत होती. सरळ, लांब, वीतभर रुंद रेघ.

"बाबा, काय झालं?" मुलीने विचारलं. मी म्हटलं, "आमचा टायगर."

मेंढपाळाचा कुत्रा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे धनगराचा कुत्रा येतो. त्याचं काम वेगळं. दख्खनच्या माळावर आजही लांडगा आहे. धनगराचं कुत्रं रात्री वाड्याच्या कडेला पडून राहतं आणि वास आला की लांडग्यावर जातं. पिकात मेंढरू शिरू नये हे पाहायचं काम मुख्यतः माणसाचं, त्याच्या काठीचं आणि तोंडातल्या आवाजाचं. जर्मनीत एकोणिसाव्या शतकापर्यंत लांडगे जवळजवळ संपले होते. तिथली अडचण निराळी होती. गावाची शेती लांबट, अरुंद पट्ट्यांत विभागलेली. एक पट्टा पडीक, शेजारचा पिकाचा, आणि मध्ये कुंपण नाही. पडीक रानात आणि कापणी झालेल्या शेतात मेंढ्या चारायचा हक्क मेंढपाळाला असे. पण शेजारच्या पिकाला तोंड लागलं की भरपाई त्याच्या माथी. म्हणून त्याला चालतं कुंपण हवं होतं.

बाकी बाबतींत हे मेंढपाळ आपल्या धनगरांना सहज ओळखीचे वाटले असते. श्वाबियाचे मेंढपाळही उन्हाळ्यात आल्बच्या माळावर आणि हिवाळ्यात खालच्या उबदार खोऱ्यांत कळप घेऊन भटकत. आपल्याकडे शेतकरी खतासाठी शेतात मेंढ्या बसवून घेतात आणि धनगराला धान्य किंवा पैसे देतात, तसंच तिथेही रात्री कळप शेतात बसवण्याला किंमत होती आणि त्या हक्कासाठी शेतकरी पैसे मोजत.

या चालत्या कुंपणाच्या स्वभावाचा विचार केला पाहिजे, कारण पुढचा सगळा इतिहास त्यातूनच निघाला. मेंढपाळ कळपाच्या एका बाजूला आणि मुख्य कुत्रा दुसऱ्या बाजूला, पिकाकडे. दोघांमध्ये शेकडो मेंढ्या. प्रत्येक वेळी हुकुमाची वाट बघून चालत नाही, कुत्र्याला आपलं आपण ठरवावं लागतं. एकदा नांगराचं तास दाखवलं की ती हद्द, हे त्याने लक्षात ठेवायचं. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरचा बॉर्डर कॉली मेंढ्यांवर नजर रोखून, दबून, पांगलेला कळप गोळा करून आणतो. या कुत्र्याने तसं करायचं नाही. त्याने कळपात घुसायचं नाही, मेंढ्यांना पळवायचं नाही. पळालेली मेंढी चरत नाही आणि न चरलेली मेंढी वाळते. फारच हट्टी मेंढी असेल तर तिला धरायची मुभा आहे, पण मान, बरगडी किंवा मांडी एवढ्याच जागी, क्षणभर, आणि कातडी न फाडता. जर्मनीत आजही मेंढ्या राखण्याची जी परीक्षा घेतात, तीत हे धरणं तपासलं जातं. परीक्षेला निदान दोनशे मेंढ्यांचा कळप लागतो, आणि तो रस्त्यावरून, पुलावरून आणि अरुंद पट्ट्यातून न्यावा लागतो.

दिवसभर दुडक्या चालीने धावायचं तर दम हवा. एकाच रेघेवर शेकडो फेऱ्या मारायच्या तर कंटाळा न येणारं मन हवं. सारखं लक्ष ठेवायचं तर किंचित अस्वस्थपणा हवा, आणि दूर उभ्या असलेल्या एकाच माणसाशी मनाने बांधलेलं राहायला हवं. पिढ्यान्‌पिढ्या मेंढपाळांनी असेच कुत्रे निवडले. रंग, कान, शेपटी यांच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नव्हतं.

ते देणंघेणं सुरू झालं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. माक्स फॉन स्टेफानिट्स हा ड्रेस्डेनमध्ये १८६४ साली जन्मलेला घोडदळाचा अधिकारी. लष्करी कवायतींच्या दिवसांत मेंढपाळांचे कुत्रे काम करताना पाहून तो भारावला, असं सांगतात. त्याच्याआधी १८९१ साली फायलॅक्स नावाची एक संस्था जर्मन मेंढपाळी कुत्र्यांची एक जात घडवण्यासाठी निघाली होती. पण कुत्रा दिसायला हवा की कामाला हवा या भांडणात ती १८९४ मध्ये बुडाली. स्टेफानिट्सचं मत पक्कं होतं: काम आधी. एप्रिल १८९९ मध्ये कार्ल्सरूह इथल्या कुत्र्यांच्या प्रदर्शनात त्याने हेक्टर लिंक्सऱ्हाइन नावाचा चार वर्षांचा कुत्रा पाहिला, तिथेच विकत घेतला आणि त्याचं नाव बदलून होरांड फॉन ग्राफराट ठेवलं. त्याच महिन्यात, २२ तारखेला, एस.व्ही. या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी संघटना स्थापन झाली आणि तिच्या नोंदवहीत पहिला क्रमांक होरांडचा लागला. ठुरिंगियाचे उभ्या कानांचे, राखाडी, चपळ कुत्रे आणि व्युर्टेम्बर्गचे थोराड कुत्रे यांचा मेळ घालून जात उभी राहिली. १९०१ साली स्टेफानिट्सचं या कुत्र्यावरचं पुस्तक आलं.

पण ज्या कामासाठी ही खटपट चालली होती, ते कामच संपत आलं होतं. ऑस्ट्रेलियाची स्वस्त लोकर बाजारात आली, पडीक रानं लागवडीखाली गेली, शेतांना हद्दी आखल्या गेल्या. १८७३ साली जर्मन साम्राज्यात सुमारे अडीच कोटी मेंढ्या होत्या; १९०० पर्यंत त्या एक कोटीच्याही खाली आल्या. मेंढपाळाच्या कुत्र्याची जात नोंदली जात होती तेव्हा मेंढपाळ देशोधडीला लागत होता. स्टेफानिट्सला हे दिसत होतं. जातीला काम नसेल तर ती बिघडेल, हे ओळखून त्याने पोलिसांकडे आणि लष्कराकडे खेटे घातले. हद्द ओळखणारा, दमदार, एका माणसाचं ऐकणारा कुत्रा त्यांना कामाचाच होता. पहिल्या महायुद्धात हे कुत्रे निरोप पोचवायला, जखमी शोधायला आणि पहाऱ्याला वापरले गेले.

त्याच युद्धात विषारी वायूने आणि स्फोटांनी हजारो सैनिक आंधळे झाले. १९१६ साली ओल्डेनबुर्ग शहरात डॉक्टर गेऱ्हार्ड स्टालिंग यांनी आंधळ्यांना वाट दाखवणाऱ्या कुत्र्यांची पहिली शाळा काढली. एका आंधळ्या रुग्णाजवळ त्यांनी आपला कुत्रा सोडला आणि परत येऊन पाहिलं तर कुत्रा त्याला सांभाळत होता, अशी त्यामागची गोष्ट सांगतात. डोरोथी युस्टिस या अमेरिकन बाई स्वित्झर्लंडमध्ये हेच कुत्रे पाळत आणि शिकवत. जर्मनीतली अशी एक शाळा पाहून त्यांनी १९२७ साली एका अमेरिकन साप्ताहिकात लेख लिहिला. तो लेख नॅशव्हिलच्या मॉरिस फ्रँक या आंधळ्या तरुणाला वाचून दाखवण्यात आला. तो स्वित्झर्लंडला गेला आणि बडी नावाची जर्मन शेफर्ड मादी घेऊन परतला. १९२९ साली अमेरिकेत त्यातून शाळा उभी राहिली. या कामात कुत्र्याला एक अवघड गोष्ट करावी लागते. मालक "पुढे चल" म्हणतो, पण समोरून मोटार येत असेल तर त्याने हुकूम मोडून थांबायचं. गव्हाच्या कडेने जाणारा तो काळा कुत्रा आठवला की हे कसब कुठून आलं असेल ते कळतं. चारशे मेंढ्यांच्या पलीकडे एकट्याने ठरवण्याची सवय त्यांच्या रक्तात होती.

त्याच रक्ताचा दुसरा उपयोगही माणसाने करून पाहिला. नाझींच्या छळछावण्यांत काटेरी तारांच्या कडेने पहारेकऱ्यांबरोबर हेच कुत्रे फिरत. हद्द तीच, फेऱ्या त्याच. आत मेंढ्यांऐवजी माणसं होती. त्या छावण्यांतून वाचलेल्या कित्येकांना पुढे आयुष्यभर या कुत्र्याचं भुंकणं सहन झालं नाही. त्यांना कुत्र्याच्या मूळ धंद्याचा इतिहास ऐकवण्याचा हक्क मला नाही. एवढंच म्हणता येईल, की हद्द कुठली आणि आत कोण, हे कुत्रा ठरवत नाही.

ऑस्ट्रेलियाची गोष्ट त्या मानाने साधी आहे, पण बोलकी आहे. १९२९ साली त्या देशाने या कुत्र्याच्या आयातीवर बंदी घातली आणि ती चाळीसहून अधिक वर्षं टिकली. भीती अशी, की हे 'लांडगे' तिथल्या रानटी डिंगोंशी संकर करतील आणि मेंढ्या मारतील. मेंढ्या राखण्यासाठी जन्माला घातलेल्या कुत्र्यावर मेंढ्यांच्या काळजीपोटी बंदी आली. नावात लांडगा घालण्याची ही किंमत.

दिसायला हवा की कामाला हवा, हे जुनं भांडणही मिटलं नाही. स्टेफानिट्स १९३६ साली २२ एप्रिललाच, म्हणजे संघटनेच्या स्थापनादिनी वारला. त्यानंतर प्रदर्शनांच्या रिंगणात हळूहळू मागच्या बाजूला उतरती पाठ आणि दुमडलेले मागचे पाय यांचं कौतुक वाढलं. खुब्याच्या सांध्याचा दोष या जातीत आधीपासून होता. सांधा नीट बसत नाही आणि कुत्रा ऐन उमेदीत लंगडू लागतो. जर्मन संघटनेने पुढे खुब्याची क्ष-किरण तपासणी सुरू केली. पण माळावरच्या मेंढपाळांनी आपला निर्णय आधीच केला होता. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी नोंदवहीबाहेरचे, गावठी जुने जर्मन कुत्रे ठेवले. मी पाहिलेला काळा केसाळ कुत्रा त्यांतलाच. टायगरसारखा तो मुळीच दिसत नव्हता. मी टायगरला ओळखलं ते त्या रेघेवरून.

अलीकडे आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एका तरुण जोडप्याने या जातीचं पिल्लू आणलं. माझ्याकडे कुत्रा होता हे कळल्यावर ते विचारायला आले, "काका, काय काय काळजी घ्यायची?" मी त्यांना ठाऊक होतं ते सांगितलं. पिल्लू दीड वर्षाचं होईपर्यंत उड्या आणि जिन्याची चढउतार कमी, गुळगुळीत फरशीवर जाजम घाला, वजन वाढू देऊ नका. सगळा भार खुब्यांवर येतो. छाती खोल असते, पोटाला पीळ पडू शकतो, म्हणून एकाच वेळी भरपूर जेवण नको, दोनदा विभागून द्या आणि जेवल्यावर तासभर धावायला नेऊ नका. पोट फुगून कोरड्या ओकाऱ्या आल्या तर सकाळची वाट पाहू नका, त्याच घटकेला डॉक्टर गाठा. अंगावर केसांचे दोन थर असतात, वर्षातून दोनदा घरभर केस होतील, विंचरत राहा, पण उन्हाळा आहे म्हणून भादरू नका. फिरायला पहाटे आणि रात्री. लशी वेळेवर. आणि पहिल्या तीन-चार महिन्यांत त्याला माणसं दाखवा: दूधवाला, कचरेवाली, चष्मेवाले, काठीवाले, लहान मुलं.

शेवटी म्हटलं, याला रोज काहीतरी काम द्या. वस्तू शोधायला लावा, वास घ्यायला लावा, तुमच्या सोबत चालायला शिकवा. काम नाही दिलंत तर तो स्वतः शोधेल, आणि त्याने शोधलेलं काम तुम्हाला आवडणार नाही.

हे शेवटचं मला कसं माहीत, ते त्यांनी विचारलं नाही.

टायगर चार वर्षांचा असताना एका सकाळी दूधवाल्याचा मुलगा फाटक उघडून नेहमीसारखा आत आला. तो दहा-अकरा वर्षांचा असेल. त्या दिवशी तो ओट्याकडे जायला कडुनिंबाच्या बाजूने वळला आणि त्या अर्धगोलाच्या आत आला. टायगरने त्याची मांडी धरली. बाबा धावत बाहेर येऊन ओरडले, तेव्हा त्याने सोडली. दातांचे चार व्रण होते, मांस फाटलं नव्हतं. तरीही पोर भयाने पांढरंफटक पडलं होतं. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे त्याच्या पोटात चौदा इंजेक्शनं द्यावी लागली. बाबा रोज त्याला सायकलवर बसवून दवाखान्यात नेत. पंधराव्या दिवशी त्यांनी टायगरला एका कारखानदाराच्या हवाली केलं. तिथे राखणीला कुत्रा हवा होता आणि तिथेही साखळीच होती. वर्षभरात तो मेल्याचा निरोप आला. कशाने, ते बाबांनी विचारलं नाही. त्यानंतर आमच्या घरात कुत्रा आला नाही आणि टायगरचं नाव बाबांनी पुन्हा काढलं नाही.

त्या मुलाला झालेली इजा कुठल्याही इतिहासाने कमी होत नाही. पण मांडी धरून, कातडी न फाडता सोडणं म्हणजे काय होतं, हे मला आल्बवरून परतल्यावर पुस्तकं वाचताना कळलं. तोवर बाबांना जाऊन सहा वर्षं झाली होती. हे त्यांना सांगायला हवं होतं, असं पुष्कळदा वाटतं. मग वाटतं, सांगितलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं की आणखी वाईट?

ग्वाल्हेरचं घर आता विकलं आहे. नव्या मालकांनी कडुनिंब ठेवला आहे, अंगणात मात्र फरशी घातली आहे.